दाढ काढल्यावर गाल सुजला : जंतू दवाखान्यातून आले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळच्या गावात राहणाऱ्या आईची खालची दाढ काढली. आईला मधुमेह आहे. तिसऱ्या दिवशी गाल चांगलाच सुजला. डॉक्टरांनी हातमोजे घातले होते, हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्रही कोपऱ्यात दिसलं. पण खुर्चीला लावलेली पाण्याची बाटली मदतनीस मुलगी साध्या नळाखाली भरत होती, आणि तो नळ विहिरीवरचा. तर हा संसर्ग दवाखान्यातूनच आला असेल का? आणि दातांच्या दवाखान्यात जंतू मुळात पसरतात कसे?

मी स्वतः दातांची डॉक्टर, दवाखाना इथेच किनाऱ्यावर. आधी आईचं बोलते, बाकीचं नंतर.

खालची दाढ काढली की सूज येतेच, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. चौथ्या दिवसापासून ती उतरायला लागली पाहिजे. उतरत असेल तर ती जखमेची सूज आहे, जंतूंची नव्हे. दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला, पण ताप नाही, पू नाही, तर बहुधा दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. दुखतं भयंकर, पण तोही संसर्ग नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि माणूस त्याच रात्री झोपतो.

मात्र सूज वाढतच असेल, ताप असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल, गिळताना त्रास होत असेल, हनुवटीखाली कडकपणा आला असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका. आईला गाडीत घाला आणि चिपळूण, डेरवण, रत्नागिरी, जिथे शल्यविशारद आणि भूल देणारे डॉक्टर आहेत तिथे न्या. जबड्याखालचा पू घशाकडे उतरला की श्वासाची वाट बंद होते, आणि मधुमेहात हे सगळं तासांच्या हिशोबात घडतं.

आता दोष कुणाचा? मला विचाराल तर दाढ काढल्यानंतर पहिल्या आठवड्यात येणारा पू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातल्या जंतूंचा असतो. तोंडात शेकडो जातींचे जंतू कायम मुक्कामाला असतात. दाढ काढावी लागते तीच बऱ्याचदा मुळाशी पू असतो म्हणून. रक्तातली साखर चढलेली असली की एरवी आटोक्यात राहिले असते ते जंतू मोकाट सुटतात. म्हणून गाल सुजला की लगेच डॉक्टरांना धारेवर धरू नका.

पण तुमची नजर त्या पाण्याच्या बाटलीवर गेली, ती मात्र अचूक जागी गेली. बहुतेक लोक दवाखान्यातल्या फरश्या बघतात, एसी बघतात, हातमोजे बघतात. पाण्याकडे कुणी बघत नाही. आपल्या भागात तर मी सगळ्यात आधी पाण्याचंच विचारीन.

खुर्चीतून तोंडात जे पाणी फवारतं ते दोन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या नळ्यांतून येतं. नळी इतकी बारीक की कडेचं पाणी जवळजवळ हलतच नाही. दुपारी दवाखाना बंद, रात्री बंद, रविवारी बंद. तेवढा वेळ पाणी नळीत साचून कोमट होतं. मग नळीच्या आतून जंतूंचा थर धरतो, पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर धरतो तसा बुळबुळीत. या थरात जंतू एका चिकट आवरणाखाली राहतात, त्यामुळे वरून नुसतं औषधी पाणी सोडलं तरी ते सहज मरत नाहीत. पाणी वाहिलं की थराचे तुकडे सुटतात आणि थेट रुग्णाच्या तोंडात जातात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, साध्या दंतोपचाराच्या पाण्यासाठी मर्यादा घातली आहे : एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ५०० जंतू. देखभाल न केलेल्या नळ्यांत हा आकडा लाखांत जातो. दवाखाना कितीही झगमगीत असो, नळीला त्याचं काही नाही.

त्यात आमचं पाणी. पावसाळ्यात विहीर गढूळ, एप्रिल-मेमध्ये खाडीकाठची विहीर मचूळ, मग टँकर, मग गच्चीवरच्या टाकीत आठ-आठ दिवस साठवलेलं पाणी. फिल्टरचं पाणी घातलं की झालं, असं डॉक्टरांनाही वाटतं. फिल्टरमधून निघालेलं पाणी स्वच्छ असेल, पण ते जुन्या नळीतून गेलं की पुन्हा तेच. बाटली रोज संध्याकाळी काढून, रिकामी करून, सुकवून ठेवायची. नळ्यांत ठरलेल्या दिवशी जंतुनाशक सोडायचं. सकाळी पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं. आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद पाणी-हवा सोडून द्यायची. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते होत नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली तेव्हा दवाखानेही बुडाले. अशा खुर्च्या धुऊन-पुसून, मोटर भरून पुन्हा चालू करता येतात. नळ्यांचं मात्र तसं नाही. पुराचं पाणी शिरलेली नळी धुऊन चालत नाही, बदलावीच लागते. पुढच्या पुराच्या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

या पाण्याने कुणी खरंच आजारी पडतं का? धडधाकट माणूस सहसा नाही. नाहीतर अर्धं कोकण आजारी पडलं असतं. पण अमेरिकेत जॉर्जियात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये २०१६ मध्ये लहान मुलांच्या दुधाच्या दातांच्या नसेवर उपचार करताना नळीतलं पाणी वापरलं गेलं, आणि त्या पाण्यातले क्षयरोगाच्या जंतूचे भाऊबंद थेट दाताच्या आत गेले. जॉर्जियात वीसएक, ॲनाहाइममध्ये सत्तरच्या आसपास मुलं. जबड्याच्या हाडापर्यंत संसर्ग गेला, कित्येकांना शस्त्रक्रिया करावी लागली. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाई लिजिओनेला नावाच्या जंतूच्या न्यूमोनियाने गेल्या, आणि तोच जंतू त्यांच्या दातांच्या डॉक्टरकडच्या नळीत सापडला. यातून धडा साधा आहे. जिथे हाड उघडं पडतं किंवा दाताची नस उघडी होते, तिथे खुर्चीतलं पाणी वापरायचंच नाही. दाढ हाड कापून काढायची असेल तर निर्जंतुक सलाईन, तेही वेगळ्या सिरिंजने.

आणि इथेच दुसरा घोळ सुरू होतो, सलाईनच्या बाटलीचा.

तामिळनाडूतल्या वाणियंबाडीची घटना प्रत्येक दंतवैद्याने पाठ करावी अशी आहे. तिथे एका दवाखान्यात उपचार घेतलेले रुग्ण २०२३ च्या सुमारास ताप, डोकेदुखी, चेहऱ्याचा लकवा, बेशुद्धी अशा लक्षणांनी आजारी पडले. आठ जण दगावले. जंतू होता मेलिऑइडोसिस या रोगाचा, जो मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. तपास करणाऱ्यांना वापरात असलेल्या सलाईनच्या बाटलीत तोच जंतू मिळाला. बाटलीचं बूच हिरडी सोडवायच्या हत्याराने उचकटायचं, काम झालं की सैलसर परत बसवायचं, आणि तीच बाटली पुढच्या रुग्णाला. एवढंच. कुणी विष कालवलं नव्हतं.

हा जंतू दूरदेशीचा नाही. आपल्या खाली उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीत मेलिऑइडोसिसचे रुग्ण दर पावसाळ्यात दिसतात, आणि त्यातले बरेच मधुमेही असतात. तशीच लाल माती, तशीच भातशेती, तसाच चार महिन्यांचा पाऊस आपल्याकडेही आहे. आणि मधुमेह तर आता वाडीवाडीत आहे.

सलाईनची बाटली बहुतेक ठिकाणी अशी वापरली जाते : अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, बुचात एक सुई खुपसलेली, ती सुई दिवसभर तशीच. लागेल तसं सिरिंजने ओढायचं. एका दाढेला पन्नास मिलिलिटर लागतात, उरलेले साडेचारशे ओतून द्यायला जीवावर येतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीची किंमत दवाखान्याच्या दिवसाच्या चहापेक्षा जास्त नसते, पण फेकताना हात आखडतो, हे मी मान्य करते. उपाय आहे : शंभर मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या घ्याव्यात, एका रुग्णाला एक, उरलं ते बेसिनमध्ये.

भुलीच्या औषधाचंही तेच. आपल्याकडे लिग्नोकेन बहुतेक तीस मिलिलिटरच्या कुपीत येतं आणि ती कुपी पंधरा-वीस रुग्णांना पुरते. कुपी सगळ्यांची असायला हरकत नाही, पण दर वेळी सुईही नवी आणि सिरिंजही नवी. त्याच रुग्णाला भूल पुरली नाही म्हणून वापरलेल्या सिरिंजनेच पुन्हा कुपीतून ओढलं, की ती कुपी संपली असं धरायचं. नुसती सुई बदलून भागत नाही, कारण सिरिंजमध्ये रुग्णाचं रक्त मागे आलेलं असू शकतं. कुपीवर फोडल्याची तारीख हवी, आणि २८ दिवसांनंतर ती औषध असली तरी टाकून द्यायची.

जुन्या दवाखान्यांत अजून एक गोष्ट दिसेल. टेबलावर एक उंच स्टीलचं भांडं, त्यात सॅव्हलॉनचं पिवळसर पाणी, त्यात उभा केलेला लांब चिमटा. त्या चिमट्याने डब्यातला कापूस काढायचा, हत्यारं उचलायची. सगळ्यांना वाटतं, हा चिमटा सगळ्यात स्वच्छ. पातळ केलेलं जंतुनाशक चार दिवस बदललं नाही की त्यात स्यूडोमोनास जातीचे जंतू खुशाल वाढतात. ते असल्या औषधालाही पुरून उरतात. मग तो चिमटा दिवसभर सगळ्या हत्यारांना तेच पाणी लावत फिरतो. हे भांडं बघितलं की मला राग येतो, कारण ते ठेवणारा माणूस आळशी नसतो. तो प्रामाणिकपणे स्वच्छता पाळत असतो.

हत्यारांच्या बाबतीत तुम्ही यंत्र पाहिलंत हे चांगलं. पण ऑटोक्लेव्ह असणं आणि हत्यारं निर्जंतुक होणं यात अंतर आहे. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, पाकिटात गुंडाळलेल्या हत्यारांना पूर्ण अर्धा तास. कुकरसारखं उभं यंत्र असेल तर आतली हवा आधी बाहेर काढावी लागते, नाहीतर हवेचा कप्पा राहतो आणि तिथे वाफ पोचत नाही. त्याआधी हत्यारावरचं रक्त घासून काढायला हवं. सुकलेल्या रक्ताच्या खाली वाफेचंही काही चालत नाही. पाकिटावरची पट्टी काळी झाली याचा अर्थ पाकीट तापलं, एवढाच. खरी परीक्षा जंतूंच्या बीजाणूंची कुपी यंत्रात ठेवून होते, आणि ती आठवड्यातून एकदा करायची असते. हत्यारं नुसती उकळणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. निळ्या दिव्याची पेटी तर फक्त ठेवायची पेटी आहे. ती बघून भारावून जाऊ नका.

कोकणात यात दोन विघ्नं. पहिलं विजेचं. पावसात फिडर गेला की मधेच यंत्र थंड पडतं. वीज आल्यावर राहिलेली दहा मिनिटं पूर्ण करून चालत नाही, अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. घरगुती इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह ओढत नाही, जनरेटर लागतो. दुसरं विघ्न दमटपणाचं, आणि याकडे डॉक्टरांचंही लक्ष कमी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाकिटं यंत्रातून ओलीच बाहेर येतात. ओलं पाकीट टेबलावर ठेवलं की कागद टेबलावरचे जंतू ओलाव्याबरोबर आत ओढून घेतो. पाकीट ओलं म्हणजे ते उघडंच आहे असं समजायचं. पूर्ण सुकवणं जमत नसेल तर हत्यारं लागतील तेवढीच करावीत आणि लगेच वापरावीत. महिनाभर कपाटात ठेवलेल्या पाकिटावर बुरशीचे ठिपके आलेले मी पाहिले आहेत.

मग येतो गणपती. चाकरमानी गावाला येतात आणि मुंबईत वर्षभर अंगावर काढलेली दाढ इथे दहा दिवसांत काढून, कवळी बसवून हवी असते. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर चपलांचा ढीग. अशा दिवसांत जंतू पसरतात ते घाईमुळे. दात कोरायचं फिरतं हत्यार, ज्याला आम्ही हँडपीस म्हणतो, ते थांबताना तोंडातली लाळ आत ओढून घेतं. बाहेरून स्पिरिटने पुसून आतली लाळ जात नाही. ते प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवं. आता हिशोब करा. घासणं, तेल घालणं, पाकीट, यंत्र तापणं, अर्धा तास, सुकणं : एका फेरीला तास गेला. दवाखान्यात दोनच हँडपीस आणि पायरीवर पंधरा रुग्ण असतील, तर काय होत असेल हे सांगायला नको. म्हणून डॉक्टरांचं यंत्र किती महागाचं यापेक्षा त्यांच्याकडे हँडपीस किती, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

हातमोज्यांबद्दल थोडंच. हातमोजा घालून फोन उचलला, खण उघडला, दिव्याचा दांडा धरला आणि पुन्हा तोंडात बोट घातलं, तर तो मोजा डॉक्टरांचं रक्षण करतो, तुमचं नाही. खोकणारा रुग्ण, क्षयरोगाचा संशय, तर घाई नसलेलं काम पुढे ढकलावं. मशीनने दात साफ करताना उडणारा फवारा खोलीभर पसरतो, त्यामुळे खिडकी उघडी असलेली बरी. सुया आणि रक्ताळलेला कापूस कुठे टाकतात तेही बघा : सुईला पांढरा न टोचणारा डबा, रक्ताळलेल्या कापसाला पिवळी पिशवी. २०१६ पासून नियमच तसा आहे.

आणि एक गोष्ट रुग्णाच्या हातातली. लाळ ओढायची वाकडी नळी तोंडात असते, तिच्याभोवती ओठ मिटून ती शोषू नका. त्या क्षणी तोंडातला दाब नळीतल्या दाबापेक्षा कमी होतो आणि आधीच्या रुग्णाची नळीत राहिलेली लाळ उलटी तुमच्या तोंडात येऊ शकते. आईला हे सांगून ठेवा. थुंकायचं असेल तर हात वर करावा, नळी बाहेर काढतात.

या सगळ्यावर पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचं पांघरूण घालायची सवय आपल्याकडे फार आहे. दाढ काढली, दिली गोळी. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा हृदयाच्या आतल्या पडद्याचा संसर्ग पूर्वी होऊन गेला असेल, तर दाढ काढायच्या अर्धा-एक तास आधी दोन ग्रॅम ॲमॉक्सिसिलिनचा एकच डोस देतात, त्याला आधार आहे. बाकी निरोगी माणसाच्या साध्या दाढेला अँटिबायोटिक लागत नाही. आणि सलाईनच्या बाटलीतून मातीतला जंतू गेला असेल तर ॲमॉक्सिसिलिन त्याच्यापुढे फुकट आहे.

डॉक्टरांना विचारायचं कसं, हा आपल्याकडे मोठा प्रश्न. तोंडावर कुणी विचारत नाही आणि नंतर साऱ्या वाडीला सांगतात. खुर्चीत बसण्याआधी, साध्या आवाजात, "डॉक्टर, आईला शुगर आहे, सलाईनची बाटली नवीन फोडाल का? आणि पाकीट आमच्यासमोर उघडा," एवढं म्हटलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर उत्तर मिळालंच. पाण्याच्या बाटलीचंही विचारा, त्यांना कदाचित कुणी विचारलेलंच नसेल. मदतनीस मुलीवर मात्र तोंड टाकू नका. तिला जे शिकवलं तेच ती करते, आणि बहुतेक दवाखान्यांत तिला कुणी काही शिकवलेलंच नसतं.

दवाखान्यातून आलेला संसर्ग आणि स्वतःचा, हे काही प्रमाणात वेळेवरून ओळखता येतं. स्वतःच्या तोंडातल्या जंतूंचा पू पहिल्या आठवड्यात दिसतो आणि नेहमीच्या औषधाला, निचऱ्याला ऐकतो. पाण्यातल्या त्या क्षयरोगाच्या भाऊबंदांची गाठ कित्येक आठवड्यांनी, जखम भरून गेल्यावर येते. दुखत फारशी नाही, पण जात नाही. मेलिऑइडोसिसचा ताप काही दिवसांनी येतो, कधी त्याच्याही नंतर. आईला पुढच्या काही महिन्यांत न उतरणारा ताप आला, जबड्यात किंवा मानेत गाठ आली, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर जो डॉक्टर तपासेल त्याला दाढ काढल्याची तारीख सांगा. ते आपणहून विचारणार नाहीत. आणि पू काढला तर तो फेकू न देता कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायला सांगा, सोबतच्या कागदावर मधुमेह आणि दंतोपचार दोन्ही लिहून. मेलिऑइडोसिसचा जंतू साध्या प्रयोगशाळेत नेहमीचा स्यूडोमोनास म्हणून खपून जातो. शोधायला सांगितला तरच सापडतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात, शिरेतून सुरू होऊन पुढे गोळ्यांवर काही महिने चालणारी.

तोवर साखर तपासून घ्या. उपाशीपोटीची नुसती नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी.